कोसमतऱ्याचा लाल ठिपका

चांगलं चाललेलं एक काम होतं. तुम्ही त्याला ‘उत्तम कार्यपद्धती’ असं नाव दिलंत आणि ते बंद पाडलंत. साहेब, तुम्हालाच म्हणतोय. मागे वळून बघू नका, मागे कोणी नाही. तुमचं नाव इथे लिहायची गरज नाही. ते सतरा परिपत्रकांखाली लिहिलेलं आहेच. भर कामाच्या वेळी कोसमतऱ्याची अख्खी जनपद कचेरी, म्हणजे आपली पंचायत समिती, एकेचाळीस मिनिटं जगापासून तुटली, ती तुमच्यामुळे. आणि मेमो कोणाला मिळाला? बाबारावांना.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगायला हवं.

रायपूर राजधानी झालं, मग रायपूरच्या बाहेर नवी राजधानी झाली, आणि तिथल्या एका काचेच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक थंडगार दालन झालं. राज्यभरातल्या सरकारी कचेऱ्यांचं नेटवर्क चालू आहे की बंद, यावर डोळा ठेवायचं हे केंद्र. भिंतभर पडदा, पडद्यावर छत्तीसगडचा नकाशा, नकाशावर दीडशेच्या आसपास हिरवे ठिपके. ठिपका लाल झाला की समजायचं, तिथलं रेशन, पेन्शन, जातीचा दाखला, सगळं ठप्प. आणि खिडकीपुढे माणसं उन्हात उभी.

नियम असा होता: ठिपका लाल झाला की संगणकात त्या बिघाडाचं तिकीट उघडायचं आणि त्या कचेरीला मेल पाठवून कारण विचारायचं. ज्या कचेरीचं नेटवर्क बंद आहे, तिलाच मेल! चार तास उत्तर आलं नाही की जिल्ह्याचा इंजिनिअर जीप काढायचा, धूळ खात पोचायचा, आणि तिथे त्याला कळायचं की कोणीतरी नेटवर्कच्या डब्याचा प्लग काढून कूलरचा लावलाय.

हे चार तास वाचवायचे ते बाबाराव. वय सदुसष्ट. मूळचे वर्ध्याकडचे, सगळी नोकरी रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, निवृत्तीनंतर इथे वर्षावर्षाच्या करारावर. बसले की त्यांचा उजवा गुडघा शिवणयंत्रासारखा हलायचा. त्यांच्याजवळ एक लांब वही होती, पंडरीतल्या कापडवाल्यानं दिवाळीत दिलेली, वर साड्यांची जाहिरात. त्या वहीत नेटवर्कबद्दल एक अक्षर नव्हतं. नोंदी अशा होत्या:

‘भाटापाली – जिलेबीवाला. डावा कान बहिरा. दोनदा वाजू द्या.’

‘सिलतरा टॉवर – पानवाला. कारखान्याची काळी धूळ पंख्यात बसते, झटकायला सांगा. आधी खोकला विचारा.’

‘कोसमतरा – फिरंतीनबाई, चहा, जनपदच्या दारात. पोरगी दहावीला. आधी पोरीचं.’

कोसमतऱ्याचा ठिपका लाल झाला की बाबाराव मेलबिल पाठवत बसायचे नाहीत. फोन उचलायचे.

“राम राम दीदी! बिटिया का गणित का पेपर कैसा गया?”

“बने गिस बबा, रोवत नई आइस.” म्हणजे चांगला गेला, रडत तर आली नाही.

“वा! लाइन है क्या आपके यहाँ?”

“हव, लाइन हवय.” लाइन म्हणजे वीज.

“तो जरा भीतर जाके वो काला डब्बा देखो ना दीदी. हरी बत्ती जल रही क्या?”

फिरंतीनबाई चहाचे ग्लास उचलायच्या आणि आत जायच्या. सरकारी कचेरीत पास न दाखवता, दार न ठोठावता, साहेबाच्या खोलीपासून रेकॉर्डच्या खोलीपर्यंत कुठेही जाऊ शकणारं माणूस एकच, चहा आणणारं. आत जाऊन त्या पुनऊ नावाच्या शिपायावर ओरडायच्या, “ए पुनऊ, कोन निकालिस पिलग?” पुनऊ प्लग परत लावायचा. रायपुरात ठिपका हिरवा व्हायचा. एकूण अकरा मिनिटं. त्यातली सात चहा वाटण्यात जायची.

असं सहा वर्षं चाललं. कोणाला कळलं नाही, म्हणून चाललं.

मग देशभरातल्या अशा केंद्रांची वार्षिक बैठक यंदा रायपुरात ठरली. प्रत्येक केंद्राने आपली एक ‘उत्तम कार्यपद्धती’ सादर करायची, इतरांनी शिकायची. यजमान म्हणून पहिला मान आपल्या साहेबांचा. आणि साहेबांकडे सादर करायला काही नव्हतं.

साहेबही मराठीच. “आम्ही भोसल्यांच्या काळापासूनचे रायपूरकर,” असं ते नव्या माणसाला पाचव्या मिनिटाला सांगायचे, आणि वऱ्हाडाकडून आलेल्यांची बोली दुरुस्त करायचे. त्यांनी आकडे मागवले आणि शिफ्टच्या प्रमुखाला, स्नेहलला, केबिनमध्ये बोलावलं. स्नेहल सत्तावीस वर्षांची, रायपुरातच वाढलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतून.

“स्नेहल, बाकी राज्यांत बिघाड काढायला सरासरी चार तास लागतात. आपल्याकडे अकरा मिनिटं. हे कसं काय?”

“वो तो बाबाराव काका की कॉपी है ना, सर.”

एवढंच बोलली बिचारी. त्या एका वाक्याचा पश्चात्ताप ती अजून करते आहे.

अर्ध्या तासात वही साहेबांच्या टेबलावर होती.

“बाबाराव, अहो, हे सोनं आहे! इतकी वर्षं कोणाला सांगितलं का नाहीत?”

“कोनी विचारलंच नाही मले.”

“मला.”

“तुमाले बी नाही विचारलं?”

साहेबांनी डोळे मिटले, उघडले. “हे बघा, तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्यासमोरच आहे. एकतीस मेला करार संपतो ना? बैठक नीट पार पडू द्या. सही करून टाकतो.”

तात्यापाऱ्यातल्या घरी बाबारावांनी ही बातमी सांगितली, तेव्हा मंदाकिनीबाईंनी पोळी तव्यावर टाकायची थांबवली.

“म्हंजे अजून सही नाही झाली?”

“होऊन जाईन ना. काहून घाबरून राहिली?”

“घाबरू नको तं काय करू? मागल्या साली कागद तेरा दिवस अडकला होता. तेरा दिवस तुमी घरी. दूधवाला, भाजीवाला, गॅसवाला, सगळ्याईले फोन लावून ठेवले, ‘कुठपर्यंत आले? किती वेळ लागते?’ दूधवाल्यानं दूध बंद केलं जी! मी हात जोडते, वही द्या, पेन द्या, काय मागन ते द्या त्याईले. पन घरी नका बसू.”

तेव्हा प्रश्न एवढाच होता: एकतीस मेनंतर बाबारावांची खुर्ची राहते की जाते. बाकी सगळं तुमचं शोभेचं, साहेब.

आता शोभा सुरू झाली. वही संगणकात चढवली. रकाने पाडले: नाव, पदनाम, शिक्षण, ईमेल. जिलेबीवाल्याचं पदनाम ‘स्थानिक संसाधन व्यक्ती, श्रेणी तीन’. ‘डावा कान बहिरा’ याला रकाना नव्हता, म्हणून ते गाळलं. ‘आधी पोरीचं’ याला तर नव्हताच. कामाला ‘समुदाय-आधारित प्रथम प्रतिसाद प्रणाली’ असं नाव मिळालं. मूळ वही काचेच्या पेटीत, बैठकीत मांडण्यासाठी. पेटीला कुलूप, किल्ली साहेबांकडे.

मग साहेबांनी बाबारावांचे फोन ऐकले, हातात घड्याळ घेऊन.

“एक मिनिट पन्नास सेकंदांच्या संभाषणात एक मिनिट तीस सेकंद मुलीचा पेपर, शेळीचं पोट, जावयाची बदली! बाबाराव, हा वेळेचा अपव्यय आहे.”

“साहेब, तेच तं काम आहे. लाइनीचं वीस सेकंदांत होऊन जाते.”

“यापुढे लेखी मजकूर वाचायचा. आणि तो स्नेहल वाचेल. तुमची भाषा... बरोबर नाही वाटत बाहेरच्यांपुढे.”

परिपत्रकं सुटली. सगळी इथे सांगत नाही, माणसाचं रक्त आटतं. परिपत्रक नऊ: ज्याने तिकीट उघडलं त्यानेच ते बंद करायचं, आणि त्याच्या नावावर एक जरी तिकीट उघडं असेल तर त्याला कार्यमुक्त करता येणार नाही. (एक पोट्टा चाळीस तिकिटं उघडी टाकून सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात नोकरीला पळाला होता, त्याचा राग.) परिपत्रक दहा: तिकिटात बिघाडाला जबाबदार कोण ते लिहायचं, त्या माणसाचं उत्तर आल्याशिवाय तिकीट बंद होणार नाही, आणि उत्तर येईपर्यंत त्याला दर पंधरा मिनिटांनी यंत्राकडून फोन. परिपत्रक बारा: दालनात खासगी मोबाइल बंदी, मोबाइल दारावरच्या कपाटात. परिपत्रक चौदा: प्रत्येक संसाधन व्यक्तीला फोटो-पास, पासाशिवाय कचेरीत प्रवेश नाही. पासांवर सही साहेबांची.

आणि परिपत्रक अकरा. फोनवर बोलणारी फिरंतीनबाई खरोखर फिरंतीनबाईच आहे याची खात्री कशी करणार? म्हणून तिच्या मोबाइलवर सहा आकडी कोड जाणार आणि तिने तो फोनवर वाचून दाखवायचा.

स्नेहलनं पहिला फोन भाटापालीला लावला. जिलेबीवाल्यानं डाव्या कानाला लावला. काही कळेना, म्हणून शेजारच्या रेडिमेडवाल्याला दिला. त्यानं ऐकलं, ‘मैं राज्य केंद्र से बोल रही हूँ, आपके मोबाइल पर आया छह अंकों का कोड बताइए.’ असा फोन आला तर काय करायचं, हे सरकारनंच पोस्टर लावून लोकांना शिकवलं होतं. त्यानं ते केलं. शिवी दिली, फोन ठेवला, आणि ठाण्यात जाऊन नंबर लिहून दिला.

पंधरा दिवसांत राज्यभरातल्या एकशे बारा चहावाल्यांनी, पानवाल्यांनी, सायकल दुरुस्तीवाल्यांनी तेच केलं. शहाणी माणसं. आता केंद्रातून फोन गेला की समोरच्याच्या पडद्यावर लाल अक्षरं यायची: ‘सावधान, फसवणुकीचा नंबर.’ बिघाडाची सरासरी अकरा मिनिटांवरून चार तास बारा मिनिटांवर गेली. म्हणजे बाकीच्या राज्यांपेक्षा बारा मिनिटं पुढे.

“बाबाराव, तुमची माणसं सहकार्य करत नाहीत,” साहेब म्हणाले.

“माझी कुठं राहिली, साहेब? श्रेणी तीन झाली ना ते.”

“बैठकीच्या दिवशी तुम्ही पाहुण्यांच्या चहाकडे बघा. दालनात येऊ नका.” आणि जाता जाता, “कागद माझ्या लक्षात आहे.”

बैठक अठ्ठावीस मेला. बेत असा: सकाळी साडेअकराला स्नेहल मुद्दाम कोसमतऱ्याची लिंक बंद करणार, पडद्यावर ठिपका लाल होणार, फिरंतीनबाईंना फोन जाणार, त्या कोड सांगणार, ठिपका हिरवा होणार, टाळ्या. मग जनपद कचेरीतून व्हिडिओवर, सगळ्या पाहुण्यांसमोर, फिरंतीनबाईंचा सत्कार. त्यासाठी परिपत्रक सोळा निघालं होतं: कचेरीत मागे बॅनर लावावा, बॅनरवर साहेबांचा फोटो असावा, आणि तो ‘सत्कारापूर्वी सुयोग्य रीतीने प्रकाशित करावा’.

“सर, एक बार काका से दीदी को बता देते हैं ना, कि हमारा ही फोन आएगा,” स्नेहल म्हणाली.

“नाही. अस्सलपणा जाईल.”

अकरा वाजता दालन भरलं. अकरा राज्यांतले पाहुणे, गळ्यात पट्टे, हातात वह्या. पडद्यावर एका बाजूला नकाशा, दुसऱ्या बाजूला कोसमतऱ्याचं थेट चित्र: नवी लुगडी नेसून बाहेरच्या ओट्यावर ताटकळलेल्या बायकांचा घोळका, आत अर्धामुर्धा बॅनर. साहेब बोलायला उभे राहिले. “समाज हाच आमचा पहिला इंजिनिअर!” एवढं म्हणून त्यांनी हात वर केला, आणि अकरा अठराला ठिपका लाल झाला. कोसमतऱ्याचं चित्र गोठलं. बॅनरवरचा साहेबांचा एक डोळा तेवढा पडद्यावर राहिला.

पाहुण्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

साहेब हसत हसत स्नेहलच्या कानाशी वाकले. “बारा मिनिटं आधी का बंद केलंस?”

“मैंने नहीं किया, सर.”

“मग कोणी?”

“सर, सच्ची में गिरा है.”

पडद्यावर घड्याळ सुरू झालं होतं. तेही साहेबांनीच लावायला सांगितलेलं, ‘प्रथम प्रतिसाद’ असं ठळक लिहिलेलं. अकरा राज्यं त्याच्याकडे बघत होती. मेल तर जाऊ शकत नव्हता. स्नेहलनं फोन लावला. तो दालनातल्या भोंग्यांवर जोडलेला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

“नमस्कार. मैं राज्य केंद्र से बोल रही हूँ. कृपया आपके मोबाइल पर आया छह अंकों का कोड...”

“फेर आ गेस रे चोट्टी!” फिरंतीनबाईंचा आवाज काचांना धडकला. “तोला लाज नई लागय? गरीब मनखे ल लूटथस? थाना म दे हंव तोर नंबर! मोर हाथ म मिल जाते न, त इही केटली म...”

किटलीत काय करणार होत्या, ते छापण्यासारखं नाही. एका पाहुण्यानं नम्रपणे विचारलं, “ये भी प्रणाली का हिस्सा है?”

“ताण-चाचणी,” साहेब म्हणाले. “हम तनाव में जाँचते हैं.”

पाहुण्यानं ते लिहून घेतलं.

दुसरा फोन लागलाच नाही. केंद्राचा नंबर तिकडून ब्लॉक केलेला. तिसरा ठाणेदारानं उचलला, कारण घाईत स्नेहलनं यादीतला खालचा आकडा दाबला होता. ठाणेदार म्हणाले, “इसी नंबर को तो हम ढूँढ रहे हैं. आप बैठे कहाँ हैं?” स्नेहलनं फोन ठेवला. घड्याळ बावीस मिनिटं. जिल्ह्याच्या इंजिनिअरची जीप पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला रायपुरात आलेली. सव्वीस मिनिटं. साहेब पाहुण्यांना काचेच्या पेटीतली वही दाखवू लागले. तिकडे कोसमतऱ्यात खिडकीवर पेन्शनच्या म्हाताऱ्या उभ्या होत्या, त्यांच्यासाठी घड्याळ नव्हतं. तीस मिनिटं.

साहेब बाहेर आले. चहाच्या टेबलापाशी बाबाराव उभे होते, गुडघा उभ्या उभ्या हलत होता. दारातून त्यांनी सगळं बघितलं होतं, ऐकलं होतं, आणि बारा पाहुण्यांच्या चहात दोनदा साखर टाकली होती.

“बाबाराव. करा काहीतरी.”

“मोबाइल तुमच्या कपाटात आहे, साहेब. परिपत्रक बारा.”

“काढा की!”

“पावती लागते ना. तुमच्या सहीची.”

साहेबांनी पेपर नॅपकिनवर सही केली. दरवानानं ती उजेडात धरून बघितली, किल्ली शोधली, पहिल्यांदा चुकीचं कपाट उघडलं. तोवर पाच मिनिटं गेली, आणि चहाच्या निमित्तानं अर्धे पाहुणे बाहेर दारात जमले. वही पेटीत असली तरी बाबारावांचं अडत नव्हतं. एक्स्चेंजमधला माणूस, आकडे बोटांना पाठ. मोबाइल जुना, फक्त स्पीकरवर ऐकू यायचा.

“राम राम दीदी. बाबाराव.”

“बबा!” आवाज एकदम मऊ झाला. “कहाँ रेहे अतेक दिन? हम सोचेन, बबा ह गुजर गे.”

“अभी नहीं, दीदी. बिटिया का रिझल्ट?”

“लाइन विचारा, लाइन!” साहेब दातांतून बोलले.

“थांबा ना. असं नाही विचारत कोनाले.”

“पास होगे बबा! गणित म बासठ!”

“बासष्ट!” बाबाराव ओरडले. कोणीतरी टाळी वाजवली. बाकीच्यांना वाटलं नेटवर्क आलं, त्यांनीही वाजवल्या. बाबारावांनी हात वर करून थांबवलं. “दीदी, लाइन है क्या?”

“हव, लाइन तो हवय.”

“तो जरा भीतर जाके डब्बा देखो ना.”

“भीतरी कइसे जावंव बबा? पास नई हे. पास बिना अब कोनो ल जावन नई देवंय. पास ह रायपुर म परे हे कथें, साहेब के दसकत बर.”

छत्तीसगडी न समजणाऱ्यांनाही ‘पास’, ‘रायपूर’ आणि ‘साहेब’ हे तीन शब्द समजले. पास साहेबांच्या सहीसाठी अडला होता. दारातल्या सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. सहा वर्षं जी बाई किटली घेऊन अख्ख्या कचेरीत फिरत होती, तिला समाजाची पहिली इंजिनिअर केल्यापासून उंबरा ओलांडता येत नव्हता.

“खिड़की से देखो दीदी.”

स्टूल ओढल्याचा आवाज. “देखत हंव... पिलग निकाले हे.”

“उसकी जगह क्या लगाया?”

“झालर.”

“कायची झालर?”

“दीया वाले झालर बबा, रंग-रंग के. बड़का बैनर हे न, ओकर चारों मुड़ा. बीच म एक झन साहेब के फोटू हे. चश्मा वाले, मेंछा वाले. बने दिखत हे, फेर एक आँखी म थोरकुन...”

म्हणजे दिव्यांची माळ, परिपत्रक सोळातली ‘सुयोग्य रीतीने’. साहेबांनी घाईनं चष्मा काढला. मिशीचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

“दीदी, पुनऊ को बोलो.”

फिरंतीनबाईंनी बोलायचं ते बोललं, खिडकीतून, पूर्वीच्याच हक्कानं: “ए पुनऊ! झालर निकाल! नई त आज ले तोर चाय बंद!”

ठिपका हिरवा झाला. घड्याळ थांबलं: एकेचाळीस मिनिटं. बाबारावांच्या फोनची साडेतीन, त्यात रिझल्टचं एक.

सत्कार झाला की नाही, भाषण पूर्ण झालं की नाही, हे कोणाच्या लक्षात नाही. पाहुणे सगळे चहाच्या टेबलाभोवती होते. दक्षिणेकडची एक वयस्क बाई, मोठी अधिकारी, तिनं बाबारावांना बाजूला घेतलं.

“काका, हमारे यहाँ भी एक आदमी है. पोस्ट ऑफिस से रिटायर. उसके पास भी ऐसी ही कॉपी है.”

“अच्छा?”

“पर हमने ऊपर किसी को बताया नहीं. आपने दिखा कैसे दी?”

मग एकेक जण बोलू लागला. एकाकडे देवळाचा पुजारी, घाटावरून टॉवर दिसतो म्हणून. एकाकडे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया. प्रत्येकाचा चार तासांचा आकडा वर पाठवण्यासाठी, खरा दहा-पंधरा मिनिटांचा. दोन तास ती माणसं गोड चहा पीत एकमेकांना शिकवत होती, आणि सगळ्यांनी वहीत एक ओळ लिहून घेतली: आधी पोरीचं विचारा. बैठकीच्या इतिवृत्तात या दोन तासांना ‘चहापान’ म्हटलं आहे.

एकोणतीस तारखेला मेमो आला. तीन आरोप: कार्यस्थळी खासगी मोबाइलचा वापर, अमान्य भाषेत शासकीय संभाषण, आणि अशासकीय कौटुंबिक चौकशी. तीन दिवसांत खुलासा. तोवर मुदतवाढ स्थगित.

“अशासकीय कौटुंबिक चौकशी म्हंजे काय जी?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

“पोट्टीचा रिझल्ट विचारला ना मी.”

“अन् त्याची सजा मले? एक तारखेपासून तुमी घरी?” त्यांनी मेमो घडी घालून डब्याखाली ठेवला. “दूधवाल्याले आजच सांगून ठेवते.”

तीस तारखेला साहेबांच्या लक्षात आलं की त्या एकेचाळीस मिनिटांचं तिकीट कोणी उघडलंच नव्हतं. स्नेहल मंचावर, बाबाराव किटलीजवळ. तिकीट नाही म्हणजे अहवाल अपुरा, आणि अहवाल वर जायचा होता. ज्याने लिंक सुरू केली त्यानेच तिकीट उघडायचं, असा नियम. नियम कोणाचा, विचारू नका.

“बाबाराव, एवढं करून जा. तिकीट उघडा, कारण ‘नैसर्गिक आपत्ती’ लिहा, बंद करा. मग मी मेमोचं सौम्य करतो.”

“बरं साहेब.”

बाबाराव आयुष्यात पहिल्यांदा संगणकापुढे बसले. गुडघा थांबला होता. तिकीट त्यांच्या नावानं उघडलं, टाइप करायला स्नेहल शेजारी उभी.

“काका, कारण में क्या डालूँ?”

“झालर.”

“जिम्मेदार?”

“परिपत्रक सोळावर सही कोनाची आहे?”

स्नेहलनं त्यांच्याकडे बघितलं. मग तिनं, सहा वर्षांत पहिल्यांदा, मराठीत उत्तर दिलं. “साहेबांची.”

“तं मग टाक ना.”

तिनं टाकलं. यंत्र प्रामाणिक असतं. त्याला मुदतवाढ नको असते. परिपत्रक दहाप्रमाणे त्यानं जबाबदार व्यक्तीला प्रश्न पाठवला, कोड पाठवला, आणि दर पंधरा मिनिटांनी फोन करायला सुरुवात केली. साहेबांच्या मोबाइलवर लाल अक्षरं आली: ‘सावधान, फसवणुकीचा नंबर.’ साहेबांनी तो कापला. पंधरा मिनिटांनी पुन्हा.

उत्तर आल्याशिवाय तिकीट बंद होत नाही. तिकीट बंद झाल्याशिवाय बाबाराव कार्यमुक्त होत नाहीत. परिपत्रक नऊ.

एकतीस मे गेला. जून गेला. कागदावर सही नाही, पण बाबाराव रोज नऊला खुर्चीवर आहेत, नव्या लांब वहीसह. आठवतील तेवढे आकडे उतरवून झाले आहेत. दुपारी फोन चालतात, स्वतःच्या मोबाइलवरून, कपाटाजवळ उभं राहून. सरासरी पुन्हा अकरा मिनिटं. वर मात्र चार तासच कळवायचं, हे स्नेहल आता शिकली आहे. मंदाकिनीबाईंच्या घरी दूध वेळेवर येतं. फिरंतीनबाईंचा पास अजून आलेला नाही; त्या खिडकीतून काम करतात.

साहेब, तुम्ही एक ओळ लिहिलीत तर बाबाराव घरी जायला तयार आहेत. त्यांनी ते मेमोच्या खुलाशात लिहून दिलं आहे. तेव्हा फोन कापू नका, पुढच्या पंधरा मिनिटांनी तो पुन्हा येणारच आहे. प्रश्न तोच आहे, तिकिटावर लिहिलेला: कोसमतऱ्याचा प्लग कोणाच्या सहीनं निघाला?

उत्तर द्या. सहा आकडी कोडासकट.